मीटरभर वायर

रविवारी संध्याकाळी सात वाजता
उर्मासचा हात छातीपर्यंत आला
आणि तिथंच थिजला.
आधी अंगठ्याचे चौकोन झाले, मग मनगटाचे,
मग माझ्या अख्ख्या भावाचे.
चित्र हललं तेव्हा वाक्य संपून गेलेलं,
तो भुवया उंचावून वाट बघत होता.
बोटीबद्दल काहीतरी असावं.
मी मान हलवली.
न कळलेल्या सगळ्यालाच मी मान हलवते,
शाळेपासूनची खोड.

ऐकणाऱ्यांचं बरं असतं.
चित्र गोठलं तरी त्यांचा आवाज
हॅलो हॅलो करत रेटत राहतो पुढं.
आमचं बोलणं हातात.
सेकंदाला पाच चित्रं आली
तर उरलेले शब्द समुद्रात,
तार्तू आणि सारेमा बेटाच्या मध्ये कुठंतरी.

हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलाय.
अन्नेलिनच्या पाचव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर,
पावाचा चुरा झाडून,
प्रोसेसर बसवताना श्वास धरून.
काळ्या पत्र्याची केस, तीन पंखे
(वाजतात म्हणे. मला फक्त वारा लागतो).
वायफाय नसलेला मदरबोर्ड घेतला,
बत्तीस युरो वाचवले,
आणि नखाएवढा अडॅप्टर
मागच्या निळ्या पोर्टात खुपसला.
खोक्यावर लिहिलं होतं तीनशे.
मिळत होते तीन.
कधी दोन.
त्याच टेबलावर पडल्या पडल्या
फोन दाखवत होता सत्तर.

मग काय काय केलं.
ड्रायव्हर काढला, नवा घातला, जुना घातला.
वीज वाचवायची खूण पुसली.
चॅनेल एकवरून सहावर, सहावरून अकरावर;
राउटर आईच्या वेळचा, त्याला याहून वरचा पट्टा ठाऊक नाही.
भिंतींना शिव्या दिल्या,
सोव्हिएत काँक्रीट, आत बोटभर जाड सळ्या.
खालचा ताइवो आला, पाहून गेला,
पावतीच्या पाठीवर लिहून गेला:
अडॅप्टर फेक. आणि केक छान होता.

मंगळवारी बॅकअपची डिस्क काढली,
शेजारच्याच निळ्या पोर्टातली, सहज,
आणि आकडा उडाला एकोणीसवर.
डिस्क लावली: दोन.
काढली: एकोणीस.
सात वेळा केलं.
आठव्यांदा फक्त आनंदासाठी.

शोधलं तेव्हा कळलं,
हे निळे पोर्ट वेगात असले की गोंगाट करतात,
नेमका वायफायच्याच पट्ट्यात,
आणि त्यांच्या कुशीत बसलेल्या अडॅप्टरला
बिचाऱ्याला राउटर ऐकूच येत नाही.
ताइवोला बोलावून दाखवलं.
त्यानं केसला कान लावला, बराच वेळ,
मग खांदे उडवले.
या एका आवाजाला
आम्ही दोघंही सारखेच बहिरे.

औषध निघालं ड्रॉवरमध्ये:
एका मेलेल्या कॅमेऱ्याची मीटरभर वायर.
अडॅप्टर तिच्या टोकाला,
टोक खिडकीत, निवडुंगाच्या कुंडीला चिकटपट्टीनं.
चौसष्ट.

रविवारी सात वाजता उर्मास आला
तो नखांतल्या ग्रीससकट आला.
म्हटलं, ते परत सांग.
कुठलं?
तीन आठवड्यांपूर्वीचं. बोटीचं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
आणि ते बघणंही मला पूर्ण दिसलं,
एक चित्र न गळता.
विचारलं होतं ना, बाबांची बोट विकू का.
तू हो म्हणालीस.

त्याची दहाही बोटं
एकेक सुटी, स्वच्छ दिसत होती.
बोट हिऊमाच्या कुणा माणसानं
गुरुवारीच ओढून नेली होती.

मी विचारलं, केवढ्याला?
त्यानं आकडा सांगितला.
पहिल्या खेपेस कळला.